शुभेच्छा, जावक क्रमांकासह

शरद ऋतू म्हटला की कवींना चांदणं आठवतं. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या माणसाला घामोळं आठवतं. पाऊस संपला असं समजून छत्री माळ्यावर टाकावी, तर आपण डोंबिवलीच्या पुलावरून उतरायला आणि परतीचा पाऊस कोसळायला एकच गाठ पडते. तोही गेला की ऑक्टोबर तापायला लागतो आणि पहिल्या अंघोळीच्या पहाटेपर्यंत तापतच राहतो. पानं लाल-पिवळी होऊन अलगद गळणं वगैरे थाट आमच्याकडे नाहीत. सोसायटीच्या फाटकाशी एक देशी बदाम आहे, तो पानं लाल करतो खरा, पण थंडी सरता सरता, आपल्या सवडीनं. आणि ती पानं अलगद गळत नाहीत, थेट वॉचमनच्या डोक्यावर पडतात.

अशा गावात शरदाची शुभेच्छापत्रं हातानं बनवायची, तीही रबरी शिक्के मारून, ही कल्पना माझी नव्हे. माझ्या भाचीची. ती न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते. तिकडे सप्टेंबर उजाडला की हौशी बायका टेबलं मांडून बसतात, रंगीत शाईची पॅडं उघडतात आणि एकमेकींना पानगळीची कार्डं पाठवतात. गणपतीला आली तेव्हा ती अशा शिक्क्यांची एक पेटी घेऊनच आली. "मावशी, तुझा हात शिक्क्यावर बसलेला आहे. हे तूच कर," म्हणाली.

हात बसलेला आहे यात वाद नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. डाव्या हाताला पॅड, उजव्या हातात शिक्का, आणि दिवसभर ठप-ठप, ठप-ठप. पहिला ठप पॅडवर, दुसरा कागदावर. डोळे शिक्क्याकडे नसतातच, ते समोरच्या माणसाकडे, त्याच्यामागच्या रांगेकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे असतात. शिक्का उलटा पडू नये म्हणून लाकडी मुठीच्या पुढच्या बाजूला एक पितळी चुक ठोकलेली असायची; अंगठा तिच्यावर गेला की अक्षरं सुलटी. निवृत्त झाल्यावर कित्येक महिने मी चहाचा कपसुद्धा बशीत ठेवताना दोनदा आपटत होते, असं आमचे हे सांगतात. ह्यांच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते पुढे कळेलच.

पण कार्डाचा शिक्का हा निराळा प्रकार. तिथे ठप चालत नाही. शिक्का उलटा धरायचा, पॅडच त्याच्यावर हळूहळू टेकवायचं, शाई सगळीकडे सारखी लागली का ते उजेडात बघायचं, मग कागदावर सरळ ठेवून वरून बोटांनी दाब द्यायचा. हलवायचा नाही, डुलवायचा नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. आणि उचलतानाही सरळ वर उचलायचा. एवढ्या वेळात मी बँकेत चार चलनं, एक डिमांड ड्राफ्ट आणि एक भांडण निकालात काढलं असतं.

शुभेच्छापत्राचा जन्म मुळात वेळ वाचवण्यासाठी झालेला, ही यातली गंमत. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या कामसू गृहस्थापुढे नाताळच्या पत्रांचा ढीग साठला. सगळ्यांना उत्तरं कोण लिहीत बसणार, म्हणून त्यानं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, खाली शुभेच्छा छापल्या, हजारभर प्रती काढल्या आणि स्वतःला लागतील तेवढ्या ठेवून उरलेल्या शिलिंगला एक या दरानं विकायला काढल्या. रबरी शिक्क्याचं रबर त्याच्या चारच वर्षं आधी, 1839 साली, अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून तापवून टिकाऊ केलं होतं. म्हणजे हाताचे श्रम वाचवायला निघालेल्या दोन गोष्टी, आणि आता त्याच दोन गोष्टी एकत्र आणून आम्ही एकेका कार्डावर अख्खी दुपार घालवतो. याला प्रगती म्हणतात.

आम्ही म्हणजे आमचा गाडीतला ग्रुप. संध्याकाळच्या कल्याण लोकलच्या बायकांच्या डब्यात आम्ही वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात बसत आणि त्याहून जास्त वर्षं उभ्या राहत आलो. ठाणेवाल्या आधी उतरायच्या, मग आम्ही डोंबिवलीकर, शेवटी कल्याणवाल्या. घाटकोपर ते ठाणे मटार सोलायचे, ठाणे ते डोंबिवली भेंडी चिरायची. आता सगळ्याच निवृत्त झालो, पण महिन्याची भिशी चालू आहे. या भिशीत मी ती पेटी उघडून ठेवली.

पेटीत एक मेपलचं पान, एक ओकचं फळ, एक भोपळा, एक खार आणि एक बुजगावणं असा ऐवज होता. मेपलचं पान सगळ्यांनी एकमतानं एरंडाचं ठरवलं. एकीनं पपईचं म्हणून क्षीण विरोध नोंदवला. भोपळ्याला मात्र आक्षेप आला नाही, कारण तो लाल भोपळा असून नवरात्रात उपासाला चालतो. ओकचं फळ वर टोपी घातलेल्या सुपारीचं दिसत होतं.

"सुपारी शुभच की," कल्याणवाली म्हणाली.

"शुभ आहे गं, पण मी दिराला सुपारी पाठवली तर ते पोलिसात जातील," ठाणेवाली म्हणाली. त्यांचं जमिनीचं प्रकरण चालू आहे.

बुजगावण्याकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकजण हळूच म्हणाली, "हे आमच्या जावयाचं चित्र यांना कुठे मिळालं?"

राहता राहिली खार. ती झुपकेदार शेपटीची, चांगली गुबगुबीत, पण पाठीवर पट्टे नाहीत. तिकडच्या करड्या खारीला ते नसतातच. आपल्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि ते सेतू बांधताना रामानं बोटं फिरवली म्हणून उमटले, हे डोंबिवलीत लहान मुलालाही ठाऊक आहे. "या खारीवरून रामाचा हात फिरलेला दिसत नाही," असा एकीचा शेरा आला आणि तो शेरा मारून न थांबता तिनं पर्समधून ब्लेड काढलं. लोकलमध्ये जन्म गेलेल्या बाईच्या पर्समध्ये काय नसतं? तिनं अमेरिकन रबरावर तीन बारीक चिरा पाडल्या. शिक्क्यात जिथे रबर कापलं जातं तिथे शाई लागत नाही, तो भाग पांढरा उमटतो. पुढचा ठसा उमटला तो पाठीवर तीन पांढऱ्या रेघा असलेल्या खारीचा. खार स्वदेशी झाली. प्रभू रामचंद्रांनी नंतर सहज विचारलं असतं की ब्लेड कुठल्या कंपनीचं.

मग भेंडी आली. ती येणारच होती. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडीचे ठसे न मारलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. देठाकडचा भाग आडवा कापला की पाच पाकळ्यांचं फूल तयार मिळतं, कोरायचे कष्ट नाहीत. यात एक मेख आहे, ती शाळेत कोणी सांगत नाही. ताज्या कापलेल्या भेंडीला तार सुटते, आणि त्या बुळबुळीत तोंडावर शाई धरत नाही, ओघळते. भेंडी आधी कापून, फडक्यानं टिपून, थोडा वेळ पंख्याखाली वाळू द्यावी लागते. हे आम्हाला तत्काळ समजलं, कारण भाजीची भेंडी तार सुटू नये म्हणून धुऊन कोरडी करूनच चिरायची, हा नियम आम्ही दिव्याच्या वळणावर उभ्यानं पाळलेला आहे. एकाच शाईत दोनदा ठसा मारला तर दुसरा फिकट येतो. गडद फुलामागे फिकट फूल ठेवलं की चित्राला खोली येते. एडिसनच्या वर्गात हे शिकवायला पैसे घेतात म्हणे. आमच्याकडे ते आपोआप झालं, कारण शाई पुरवून वापरायची सवय.

शाईवरून आठवलं. कचेरीचं जांभळं पॅड कार्डाला वापरू नये. त्या शाईत ग्लिसरीन असतं, पॅड उघडं राहिलं तरी सुकू नये म्हणून. ते कागदावरही आपला धर्म सोडत नाही. साध्या कागदात शाई जिरते आणि प्रश्न मिटतो, पण गुळगुळीत कागदावर ती नुसती बसून राहते, आणि जो हात लावील त्याच्याबरोबर जाते. आणि आमचा कागद गुळगुळीत होता, कारण तो लग्नपत्रिकांचा होता.

हा निर्णय मात्र माझा, आणि मला त्याचा अभिमान आहे. डोंबिवलीतल्या प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा असतो. त्यावर गणपती असतो म्हणून त्या रद्दीत देता येत नाहीत, आणि लग्न होऊन त्या जोडप्याची मुलं दहावीला बसली तरी घरातून जात नाहीत. कागद जाड, मागची बाजू कोरी, कडेला सोनेरी रेघ फुकट. मी पुण्याच्या हातकागदाचंही बघितलं होतं. तिथली हातकागद संस्था 1940 पासूनची आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते, आणि तो कागद इतका देखणा असतो की त्यावर शिक्का मारायचा धीर होत नाही. शिवाय खरखरीत कागदावर बारीक रेघा तुटक येतात आणि पातळ शाई फुटते. पत्रिका बऱ्या. फक्त घडी घालताना नीट बघावं लागतं, नाहीतर वर 'शुभ दीपावली' आणि आत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असा मजकूर जातो. ठाणेवालीच्या एका मामेसासूबाईंना तो तसा गेला आणि त्या अहेर घेऊन आल्या.

दसऱ्याच्या कार्डासाठी आपट्याचं पान हवं होतं, ते काही अमेरिकेच्या पेटीत नव्हतं. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेरानं सोन्याचा पाऊस पाडला तो आपट्यावर, मेपलवर नव्हे. शिवाय दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडू नका, कागदाचं सोनं द्या, असं पर्यावरणवाले दरवर्षी सांगतात. म्हटलं, आपण ते मनावर घेऊ. स्टेशनाजवळ शिक्के बनवणाऱ्याची एक टपरी आहे. दाराएवढी रुंदी, आणि त्यात झेरॉक्स, लॅमिनेशन, नंबरप्लेट, पासपोर्ट फोटो आणि शिक्के. पूर्वी तो खिळे जुळवून, साचा काढून, रबर दाबून तापवून शिक्का करायचा आणि 'परवा या' म्हणायचा. आता कॉम्प्युटरवर मजकूर टाकतो, 'अर्ध्या तासात या' म्हणतो, आणि आपण परवा जातो.

"गोल की चौकोनी?" त्यानं विचारलं.

"पानाच्या आकाराचा."

"संस्थेचं नाव?"

"संस्था नाही. नुसतं पान आहे."

"पानाचं दुकान? मग परवाना नंबर टाकावा लागेल."

मी त्याला चित्र दाखवलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. त्याच्या आयुष्यात चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, नोटरी, मुख्याध्यापक, ग्रामसेवक सगळे येऊन गेले होते. झाड पहिल्यांदाच आलं होतं. दोन दिवसांनी शिक्का तयार झाला तो गोल. मधे आपट्याचं पान, भोवती दुहेरी वर्तुळ, वर 'शुभ दसरा', खाली 'डोंबिवली (पूर्व)', दोन्ही मजकुरांच्या मधे एकेक चांदणी, आणि वर्तुळाच्या खाली एक रेघ व शब्द 'करिता'.

"करिता कशाला?"

"करिता नसेल तर शिक्का अर्धवट दिसतो, ताई. लोक विचारतात, सही कुठे करायची."

मी वाद घातला नाही. त्याचं म्हणणं या पट्ट्यापुरतं बरोबर होतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून आम्ही मुंबईच्या कचेऱ्यांना माणसं पुरवत आलो. ज्याच्या चार पिढ्या कारकुनीत गेल्या त्याच्या हातात कागद दिला की तो मजकूर वाचत नाही, आधी शिक्का बघतो. शिक्का गोल असला की त्याची पाठ ताठ होते.

गोल शिक्क्यालाही मान्यता सहज मिळाली नाही. आमच्यातली एक जण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं चष्मा कपाळावर चढवून शिक्का डोळ्यांशी नेला. "हे आपटा नाही. कांचन आहे."

आता दोन्ही पानं जोडपानंच, उंटाच्या पावलाची, आणि दोन्ही एकाच कुळातली. पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि मधली खाच उथळ. कांचनाचं मोठं, पातळ आणि खाच खोल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणि कल्याणच्या बाजारात सोन्याचे जे ढीग लागतात त्यांत कांचन किती आणि आपटा किती, हे तिला चालत्या रिक्षातून सांगता येतं, आणि ती ते सांगतेच. "वर्षानुवर्षं तुम्ही एकमेकींना खोटं सोनं देताय," तिनं सुनावलं. यावर कल्याणवाली थंडपणे म्हणाली, "सोनं कोणाचं खरं असतं? घडणावळ तर सगळे घेतात." शेवटी शिक्क्याच्या खाचेत रबराचा एक तुकडा चिकटवून कांचनाचा आपटा केला. खारीनंतर ही दुसरी शस्त्रक्रिया. हे सगळं पितृपक्षात चाललेलं असल्यानं सासूबाईंची तक्रार होती की या दिवसांत नवीन काम काढू नये. मी त्यांना समजावलं की पत्रिका जुन्या, भेंडी कालची, बायका तर त्याहून जुन्या. यात नवीन काही नाही.

खंडेनवमीला आम्ही शिक्के पाटावर मांडले. ह्यांची तिथे दरवर्षी स्क्रू-ड्रायव्हर आणि पाना असतो. त्यांच्या शेजारी भोपळा, खार, बुजगावणं, गोल शिक्का आणि दोन पॅडं. हळद-कुंकू, फूल, नैवेद्य. बुजगावण्याला कुंकू जरा जास्त लागलं, ते नंतर दिवाळीपर्यंत लाल गालांचं उमटत होतं.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. निवृत्तीनंतर घरात आवक फक्त दुधाची आणि जावक फक्त कचऱ्याची उरली होती, तरी त्यांनी एक वही ठेवलीच होती. कार्डं तयार होऊन टेबलावर पसरलेली बघितल्यावर त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर प्रत्येक कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षरात जावक क्रमांक, दिनांक, आणि 'विषय : दीपावलीच्या शुभेच्छा देणेबाबत'.

"अहो, हे काय केलंत?"

"उद्या कोणी म्हणालं मिळालं नाही, तर?"

एवढ्यावर थांबते तर गोष्ट वेगळी. त्यांना ता. क. लिहायची खोड आहे. पुतण्याच्या कार्डावर खारीखाली ता. क. : 'मागच्या खेपेस नेलेली शिडी परत करणे.' बहिणीच्या कार्डावर ता. क. : 'पाणीपट्टी भरली का?' तेव्हा मला शिवकालीन पत्रांची युक्ती आठवली. महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असायची आणि मजकूर संपला की तळाशी मर्यादेची मुद्रा. ती उमटली की मोर्तब झालं. तिच्याखाली कोणी एक अक्षर घुसडू शकत नसे. 1657 साली कल्याण स्वराज्यात आलं, तेव्हापासून ही शिस्त आमच्या पट्ट्याला माहीत असायला हरकत नव्हती. मी प्रत्येक कार्डाच्या अगदी तळाला, कडेला चिकटून, भेंडीच्या फुलांची एक ओळ उमटवली. मर्यादा बंद. ह्यांनी कार्ड उलटं करून मागे ता. क. लिहिली. छत्रपतींच्या दरबारात बहुधा आमच्या ह्यांच्यासारखे कारकून नव्हते.

पोस्टात जायचा मान माझा. पूर्वी शुभेच्छापत्र म्हटलं की पाकिटाचं झाकण न चिकटवता आत खोचायचं आणि कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहायचं. दर कमी पडायचा आणि पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना शुभेच्छा फुकट वाचायला मिळायच्या. त्या दिवाळ्यांत पोस्टाच्या थैल्या फुगायच्या. आता पाकिटं घेऊन रांगेत उभी राहिले तर पुढेमागे सगळे पार्सलवाले. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. पण लग्नपत्रिका, त्यात ओल्या शाईवर चिकटवलेली रांगोळीची चमकी, असं सगळं मिळून कार्ड काट्यावर ठेवलं की काटा आमच्या बाजूनं कधीच बोलला नाही. पत्ते मात्र निर्दोष. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि ह्यांनी तो तेव्हापासून पाठ केलाय, डोंबिवली पूर्व 421201, पश्चिम 421202, कल्याण 421301. शेजारी रात्री झोप येत नाही म्हणून जपमाळ ओढतात, हे पिन कोड म्हणतात.

खिडकीतल्या माणसानं पाकिटांचा गठ्ठा घेतला आणि तारखेचा शिक्का उचलला. ठप-ठप, ठप-ठप. पॅड, पाकीट, पॅड, पाकीट. डोळे रांगेवर. एकही शिक्का तिरका नाही, एकही फिका नाही, तिकिटाला निम्मा आणि कागदाला निम्मा. मी बघतच राहिले. त्यानं माझ्या पाकिटावरच्या आपट्याच्या पानावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "मनगट जरा सैल ठेवा. कडा दुहेरी येतायत." मी त्याला विचारलं, किती वर्षं झाली? त्यानं सांगितलं. मी माझी सांगितली. मागच्या माणसानं खोकून आम्हाला पार्सलची आठवण करून दिली.

जवळची कार्डं हातोहात द्यायची ठरली. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची तरुण मंडळी नवे कपडे घालून फडके रोडला गणेश मंदिराजवळ जमतात. तिथे सगळी भाचरं-पुतणी आयती सापडतात. मी पिशवी घेऊन गेले. एका पुतणीला कार्ड दिलं. "काकू, काय भारी आहे! हातानं केलंस?" म्हणत तिनं खारीचा फोटो काढला, वर तीन फुलं आणि एक हृदय चिकटवलं, स्टेटसला टाकलं आणि कार्ड माझ्या हातात परत दिलं. "झालं काकू. हे ठेव तू." एकामागून एक सगळ्यांनी तेच केलं. पिशवी भरलेली नेली, भरलेलीच आणली. म्हणजे एकाच कार्डात सगळा फडके रोड उरकता आला असता, आणि हेन्री कोल खूश झाला असता.

पोस्टानं गेलेल्या कार्डांची उत्तरं यायला चारेक दिवस लागले. माझ्या ठाण्याच्या दिरांचा फोन आला तो घाबऱ्या आवाजात. "वहिनी, एक कागद आलाय. वर जावक क्रमांक आहे, खाली गोल शिक्का. वकिलाला दाखवू का?" त्यांना म्हटलं, भाऊजी, आत उघडून बघा, दिवाळीच्या शुभेच्छा आहेत. "ते दिसतंय, पण कशाच्या बदल्यात?" कल्याणच्या नणंदेनं कार्ड फाईलला लावलं, पाणीपट्टीची पावती त्याला टाचली, आणि तसा फोटो ह्यांना पाठवला. 'करिता'च्या रेघेवर निम्म्या लोकांनी सही केली. त्यांतल्या दोघांनी सही करून, झेरॉक्स स्वतःकडे ठेवून, मूळ प्रत आम्हाला परत पाठवली. ह्यांनी ती आवकमध्ये नोंदवली. मी इतक्या वर्षांत यांचा चेहरा इतका उजळलेला फक्त एकदाच पाहिला होता, महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली तेव्हा.

गोष्ट इथवर राहिली असती, पण दिवाळीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. सोसायटीच्या शिक्क्याची मूठ निघाली होती, नवा यायला वेळ लागणार होता आणि मेंटेनन्सच्या पावत्या अडल्या होत्या. "तुमच्याकडे गोल शिक्का आहे असं ऐकलं. डोंबिवली पूर्व लिहिलेला." मी घरी नव्हते. ह्यांनी पेटीच पुढे केली, आणि वर वहीत 'तात्पुरत्या वापराकरिता' अशी नोंद घेतली. सेक्रेटरींचा चष्मा घरी राहिला होता.

त्या महिन्याच्या सगळ्या पावत्यांवर खार आहे. तीन पट्ट्यांची, शेपटी वर केलेली. बहुतेकांनी ती पावती काही न बोलता ठेवून घेतली. एक-दोघांनी तर ती कंपनीत भत्त्यासाठी लावली आणि भत्ता मंजूर झाला. फक्त चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लेखी हरकत घेतली आहे. पैसे भरले, पण पावतीवरचा शिक्का सोसायटीचा नाही, तेव्हा ही पावती ग्राह्य धरता येणार नाही आणि पुढचा हप्ता ते भरणार नाहीत. वार्षिक सभा नियमाप्रमाणे सप्टेंबरअखेर होऊन गेलेली, म्हणून आता खास सभा बोलावली आहे. नोटीस ह्यांनीच लिहिली. विषय क्रमांक एक, खार कायम करणेबाबत. काल सेक्रेटरी पुन्हा येऊन विचारून गेले की, "वहिनी, नोटिशीवर कुठला शिक्का मारू?"

मी त्यांना बुजगावणं दिलं.